अर्लिसचा गोळ्यांचा डबा

अर्लिस डीकमनला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. दवाखान्यात दरवर्षी भरून द्यायच्या कागदावर 'चालू औषधं' असा एक रकाना असतो. त्यात ती वर्षानुवर्षं 'एकही नाही' असं ठणकावून लिहायची आणि खाली रेघ ओढायची, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात शंका नको.

आणि हे लिहिणाऱ्या बाईच्या ओट्यावर, टोस्टरच्या दोन्ही बाजूंना, गोळ्यांच्या इतक्या बाटल्या उभ्या असत की ब्रेड फ्रिजवर चढवून ठेवावा लागे. पण ती काही औषधं नव्हेत. ती जीवनसत्त्वं. औषध आजाऱ्यानं घ्यायचं, जीवनसत्त्व शहाण्यानं, असं अख्खं ओस्टफेल्ड गाव मानायचं. त्या धंद्याची सगळी करामत तिथेच आहे. अन्न म्हणावं तर त्यानं पोट भरत नाही, औषध म्हणावं तर औषधाला होते तशी झडती नाही. मधल्या कुंपणावर बसायचं आणि दोन्हीकडचं चरायचं. बाटलीवर डोंगर चढणारा सायकलवाला छापला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतं.

अर्लिसला मात्र बाटल्या विकतही घ्याव्या लागत नव्हत्या फारशा. आयोवातल्या माणसाला काही वाया गेलेलं बघवत नाही. ऑगस्टात चर्चबाहेर गाडीला कुलूप लावायला विसरलात, तर सीटवर कोणीतरी मांडीएवढ्या झुकिनी, म्हणजे दुधीसारखी फळं, ठेवून गेलेलं असतं. स्वतः खाववत नाहीत आणि टाकवतही नाहीत म्हणून. सायकल क्लबात तीच गत गोळ्यांची. जानेवारीत चर्चच्या तळघरात क्लबची सभा भरायची. मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, बाजूला अर्लिसनं केलेले दालचिनीचे रोल, आणि भिंतीकडेला अदलाबदलीचं टेबल. त्यावर जुने टायर, आखूड झालेले हातमोजे आणि अर्ध्या उरलेल्या बाटल्या. दम टिकवणारी, झोप आणणारी, पायात गोळे येऊ न देणारी, पाण्यात टाकली की फसफसणारी. डोरीन स्टॅकहाउस टेबलामागे उभी राहून ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी कोंबायची. सभा सुटली की अर्लिसची पिशवी येताना होती त्याहून जड.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली होती. सगळ्या गावाची पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. खाऊ घालणं हा तिचा स्वभाव, आणि त्याचा सगळ्यात मोठा मानकरी तिचा नवरा, लव्हर्न.

लव्हर्न डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. ट्रॅक्टर आवारात शिरायच्या आधी आवाजावरून त्याचा रोग सांगणारा. पन्नाशी गाठेपर्यंत त्याचे डोळे गेले. आजोबांचे गेले होते, एका काकाचे गेले होते, तोच घराण्याचा रोग. नजर कडेकडेनं मिटत आली, शेवटी नळीतून पाहिल्यासारखं उरलं, मग तेही गेलं. त्या काळात अर्लिसनं कुठकुठून गोळ्या मागवल्या. उपयोग झाला नाही. पण तिच्या डोक्यात एक खिळा बसला तो बसलाच : आपण उशीर केला. आधी सुरू केलं असतं तर काहीतरी उरलं असतं. तेव्हापासून रोज सकाळी दोन ताटल्यांशेजारी गोळ्यांच्या दोन सारख्या ढिगल्या. एक तिची, एक त्याची. ज्या गोळीनं तिचं भलं होणार त्यापासून लव्हर्ननं वंचित का राहायचं?

आंधळा झाल्यावर लव्हर्ननं दोन हट्ट केले. पहिला, ब्रेल शिकायचा. पान्यांनी घट्टे पडलेली ती बोटं, त्यांना ठिपके कळायला फार वेळ लागला. शिकवणारी बाई म्हणाली होती, ऐकायची पुस्तकं मिळतात की. हा म्हणाला, "ऐकणं म्हणजे दुसऱ्यानं वाचलेलं. मला स्वतः वाचायचंय." आणि शिकला.

दुसरा हट्ट सायकलचा. जुलैत हजारो माणसं सायकलवरून आयोवा राज्य या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडतात. पश्चिमेला मिसूरी नदीत मागचं चाक बुडवून निघायचं, आठवडाभर मक्यातून आणि सोयाबीनमधून पॅडल मारायचं आणि पूर्वेला मिसिसिपीत पुढचं चाक बुडवायचं. डोळे होते तोवर लव्हर्नला ते कधी जमलं नाही; जुलैत सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदमच बिघडायचे. डोळे गेल्यावर म्हणाला, "आता वेळच वेळ आहे. तू पुढे बस." मग दोघांनी एक जुनी जोडसायकल घेतली. जोडसायकलवर पुढच्याच्या हातात हॅन्डल, गिअर, ब्रेक, सगळं. मागच्याच्या वाट्याला पॅडल आणि भरवसा.

गेल्या जुलैत ते खरोखर निघाले. मिसूरीत चाक बुडवलं, फोटो काढला. आणि दुसऱ्याच दिवशी एका उतारावर सायकल रस्ता सोडून सोयाबीनमध्ये घुसली. लागलं काही नाही, दोघं हिरवे होऊन उठले. अर्लिस म्हणाली, "गिअर अडकला." डोरीनलाही तेच सांगितलं, क्लबलाही तेच. मोठी राइड तिथेच संपली.

खरं फक्त तिला ठाऊक होतं. गिअरला काही झालं नव्हतं. तिनं ब्रेक दाबला, पण बोटांखाली ब्रेक आहे की नाही तेच तिला कळलं नव्हतं. बोटांची टोकं बधिर. कापसाचे हातमोजे घालून जग चाचपावं तशी.

आता सायकलवाल्यांत हात बधिर होणं म्हणजे काय, सर्दी झाल्यासारखं. प्रत्येकाला होतं आणि प्रत्येकाकडे उपाय असतो. अर्लिसनं नुसतं "हाताला जरा मुंग्या येतात" म्हणायचा अवकाश, डोरीनच्या नवऱ्यानं, कर्टिसनं, हॅन्डल वर करून दिलं. कोणी म्हणालं गादीचे हातमोजे घे. कोणी हॅन्डलवर जाड पट्टी गुंडाळली. पायही बधिर होतात म्हटल्यावर बूट बदलले, मग बुटांखालच्या पकडी सरकवल्या. एकानं राजधानीच्या शहरात नेलं, तिथे अंगाला तारा जोडून माणसाच्या मापानं सायकल जुळवून देतात. मापलं. पैसे गेले, मुंग्या राहिल्या.

मग डोरीन धावून आली. "अगं, वरवर काय लावत बसलीस. नसांना आतून ताकद हवी. माझ्या बहिणीला या कॅप्सूलनं काय फरक पडलाय. ही घे, माझ्याकडे दोन आहेत."

बाटलीवर हाताच्या पंजाचं चित्र होतं, बोटांतून उजेड निघत असलेला. अर्लिसनं घेतली. आणि लव्हर्नच्या ढिगलीतही एक टाकली. त्याची बोटं म्हणजे त्याचे डोळे. या खेपेला उशीर करायचा नाही.

वर एक बोचरं वाक्य डोरीन जाता जाता बोलून गेली. "आणि नाहीच जमलं तर जुलैत लव्हर्नला आमच्या कर्टिसच्या मागे बसव. बिचारा तुझ्या हातांपायी का थांबेल?"

ते वाक्य अर्लिसच्या घशात माशाचा काटा अडकावा तसं अडकलं. लव्हर्न दुसऱ्याच्या मागे? इतकी वर्षं त्या माणसाला खड्डा, वळण, कुत्रं, सगळं तिनं सांगितलं होतं. ती कॅप्सूल तिनं दुप्पट सुरू केली.

नोव्हेंबरात लव्हर्नचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, हिवाळाभर सायकल नाही. जोडसायकल गॅरेजच्या भिंतीला टांगली गेली. अर्लिस तळघरात एका जागी रोवलेल्या सायकलवर पॅडल मारायची आणि लव्हर्न शेजारी खुर्चीत बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. मांडीवर ब्रेलचं जाडजूड पुस्तक, त्यावर फिरणारी बोटं. मोन्टानातल्या कुठल्याशा शेरिफची कहाणी. हाणामाऱ्या, घोडे, बर्फ. अर्लिसला घोड्यांत काडीचा रस नव्हता. नवऱ्याच्या आवाजात होता.

फेब्रुवारीत एके दिवशी ती शाळेतून आली, तर लव्हर्ननं दारातच नाक उचललं.

"मलम कसला?"

"ट्रे लागला भट्टीतला. एवढंसं."

"तुला? भट्टीशी सगळी हयात काढलेल्या बाईला?"

"कधीतरी लागायचाच." एवढ्यावर विषय संपला. खरं तर ट्रे तिनं उघड्या हातानं धरला होता, आणि पलीकडची बाई ओरडली तेव्हा तिला कळलं की चामडी जळतेय. पण आमच्याकडे "कसं काय?" विचारलं की "चाललंय" म्हणायचं असतं. हात तुटून पडला तरी दुसऱ्या हातानं तो उचलून "चाललंय" म्हणतील. या सभ्यपणानं इथे किती माणसं मारली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर तळघरात वाचन सुरू झालं. शेरिफ गावात परतला, दुकानात शिरला, दुकानदारानं त्याला कॉफी दिली.

अर्लिसचे पाय थांबले.

"थांब. हा हॅन्क कोण?"

"दुकानदार."

"त्याला परवा पुरलं ना आपण. तू स्वतः पुरलंस. किती वेळ त्याच्या पेटीवर बर्फ पडत होता."

"दुसरा हॅन्क असेल."

"असेल. वाच."

लव्हर्न वाचू लागला. शेरिफची बायको आली, म्हणाली, गाडी सुरू होत नाही. शेरिफनं वाकून पाहिलं, तर डिझेलचा इंजेक्टर तुंबलेला.

अर्लिस सायकलवरून उतरली. "लव्हर्न. घोड्यांचा जमाना आहे. इंजेक्टर कुठून आला?"

बोटं पानावर होती, पण फिरत नव्हती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की गेले कित्येक दिवस तो वाचतच नव्हता. रचून सांगत होता.

"ठिपके कळेनासे झालेत," तो म्हणाला. "सगळे मिसळतात. कागदावर वाळू सांडावी तसे."

"कधीपासून?"

"नाताळच्या आसपास."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू सांगितलंस? म्हणे गिअर अडकला." त्यानं पुस्तक मिटलं. "जन्मभर मी यंत्रं ऐकलीत, अर्लिस. मी तुझ्या मागेच बसलो होतो. गिअर अडकल्याचा आवाज मला कसा आला नाही?"

ती पायरीवर बसली. सोयाबीनपासून आतापर्यंत या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तो गप्प होता. ती घाबरू नये म्हणून. आणि ती गप्प होती, तो घाबरू नये म्हणून. एका घरात दोन बधिर माणसं एकमेकांना "चाललंय" म्हणत होती.

"माझं हॅन्डलमुळे झालंय," ती शेवटी म्हणाली. "सगळे म्हणतात. हॅन्डल धरून धरून."

"बरं. मग माझं काय धरून झालं?"

"तूही मागचं हॅन्डल..."

"माझी सायकल नोव्हेंबरपासून भिंतीवर आहे. मी धरलंय ते हे पुस्तक आणि कॉफीचा मग."

दोघांचं सारखं काय, ते अर्लिस बोटांवर मोजू लागली : घर, जेवण, पाणी.

पहिला संशय गेला विहिरीवर. इथे शेतात ओतलेलं खत पाण्यात उतरतं, त्यामुळे काहीही दुखलं की माणसं विहिरीकडे बघतात. पण शेजारी तेच पाणी पीत होते आणि त्यांची बोटं शाबूत होती. सकाळी अर्लिसनं दवाखान्यात फोन केला. दोघांसाठी वेळ मागितली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

डॉक्टर लोट्झ तरुण बाई, गावचीच. अर्लिसच्या हातचे रोल खाऊन शिकलेली. तिनं कंप पावणारा लोखंडी चिमटा अर्लिसच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला.

"कंप जाणवला की सांगा."

"सांगते. करा सुरू."

"केव्हाच केलंय, मिसेस डीकमन."

डॉक्टरनं कागद पाहिला. "औषधं एकही नाही."

"एकही नाही."

"आणि बाटलीतून काय काय खाता?"

"ती जीवनसत्त्वं हो. ती सोडून द्या."

"तीच सोडायची नाहीत. सांगा."

अर्लिस सांगू लागली. मध्येच अडकली. मागून लव्हर्ननं भर घातली, "ती फसफसणारी राहिली. आणि झोपेची, चॉकलेटसारखी." पुन्हा अडकली. डॉक्टर म्हणाली, उद्या सगळ्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी अर्लिस आली ती सहलीला बर्फ न्यायचा मोठा डबा दोन्ही हातांत घेऊन. लव्हर्न मागे काठी टेकत. बसलेली माणसं विचारू लागली, पार्टी आहे का कुठे.

डॉक्टरनं एकेक बाटली वळवून पाहिली आणि टेबलावर दोन रांगा केल्या. एक रांग छोटी राहिली. दुसरी वाढतच गेली.

"या रांगेत प्रत्येकीत एक गोष्ट आहे. ब-सहा जीवनसत्त्व. दम टिकवणारीत आहे, पायांच्या गोळ्यांवरच्यात आहे, पाण्यात टाकायच्यात आहे, झोपेच्यातही आहे. एकेक घेतली असती तर बहुधा काही झालं नसतं. तुम्ही सगळ्या एकत्र, कितीतरी महिने." तिनं शेवटची बाटली उचलली, उजेडाच्या पंजाची. "आणि सगळ्यात जास्त हिच्यात."

"ती तर नसांसाठी आहे," अर्लिस म्हणाली. "नसा बऱ्या व्हाव्यात म्हणून."

"हो. ब-सहा फार कमी पडलं तर नसा बिघडतात. फार जास्त झालं तरी नसाच बिघडतात."

"म्हणजे मी रोगालाच खाऊ घालत होते."

"अजून नक्की नाही. साखर बघू, थायरॉइड बघू, ब-बारा बघू. रक्त बाहेरगावी पाठवते. पण आजपासून या रांगेतलं सगळं बंद."

"आणि बरं होईल का?" हे लव्हर्ननं विचारलं.

"बहुतेकांचं होतं, हळूहळू. काहींचं थोडं उरतं. सुरुवातीला वाढल्यासारखंही वाटेल, तेव्हा घाबरू नका. मी खोटा भरवसा देणार नाही." मग छोट्या रांगेतली एक बाटली तिनं त्याच्या हातात ठेवली. "ही ड जीवनसत्त्वाची चालू ठेवा. मागच्या वर्षी तुमचं कमी होतं. सगळंच काही विष नसतं."

निकाल यायला वेळ लागला. साखर ठीक, बाकी ठीक. ब-सहा दोघांचंही जिथे असायला हवं त्याच्या कितीतरी वर.

त्या दिवशी अर्लिस ओट्यापुढे कचऱ्याची पिशवी उघडून उभी राहिली आणि तिचा हात उचलेना. भरलेल्या बाटल्या. टाकायच्या? टाकणं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"इकडे दे," लव्हर्न म्हणाला. एकेक बाटली तो कानाशी हलवी आणि पिशवीत सोडी. "अर्धी. भरलेली. ही तर उघडलेलीसुद्धा नाही, ही कशाला आणली होतीस?"

"डोळ्यांच्या वेळी मी उशीर केला," ती म्हणाली. "म्हणून बोटांच्या वेळी आधीपासून... मीच तुला चारलं रे. रोज. माझ्या हातानं."

लव्हर्ननं हातातली बाटली खाली ठेवली. "डोळे माझ्या आजोबांनी दिले आणि त्यांनीच परत घेतले. त्यात तू उशीर कुठून केलास? आणि हे तू चारलंस, मी गिळलं. तोंड माझंच होतं ना?" मग ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "चला. ब्रेडला घर मिळालं."

पण अर्लिसचा राग असा ब्रेडवर निवणारा नव्हता. मार्चमध्ये तळघरात पुन्हा सभा भरली, तेव्हा ती अदलाबदलीच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "ज्यांची बोटं बधिर होतात त्यांनी हात वर करा."

बरेच हात वर गेले. "हॅन्डलमुळे," कोणीतरी हसत म्हणालं.

"असेल हॅन्डलमुळे. बहुतेकांचं तसंच असतं, डॉक्टरच म्हणाली. माझं नव्हतं. माझं या टेबलावरचं होतं. वेगवेगळ्या बाटल्या आणि आत एकच माल, आणि आपण वेड्यासारखे त्याच्यावर तोच ओततो. दवाखान्यात विचारतात औषधं कोणती, तर आपण ताठ मानेनं म्हणतो एकही नाही. यापुढे सगळं सांगा. डबा भरून घेऊन जा. आणि या टेबलावर टायर ठेवा, मोजे ठेवा. गोळी ठेवली तर मी कचऱ्यात टाकीन, ज्याची असेल त्याच्या देखत."

डोरीनचा चेहरा लाल झाला. "मी काय मारायला दिली होती का तुला?"

"नाही गं. प्रेमानंच दिलीस. मीही लव्हर्नला प्रेमानंच चारली. बाटलीतल्या मालाला त्याचं काय?"

डोरीन चिलीचं पातेलं ढवळत राहिली. पण पुढच्या सभेला टेबलावर नुसते टायर होते.

एप्रिलमध्ये मुंग्या खरोखरच वाढल्या. पायांची आग आग व्हायची. अर्लिस दोनदा दवाखान्यात भांडून आली. डॉक्टर लोट्झ म्हणाली, "सांगितलं होतं ना." मग लव्हर्ननं गॅरेजमधून एक पत्र्याचा डबा आणला, त्यात नट भरलेले, लहानमोठे. रोज नाश्त्याला तो डबा मध्ये. अर्लिसनं डोळे मिटून एक काढायचा आणि माप सांगायचं. तो चाचपून निकाल द्यायचा.

"अर्धा इंची."

"हा अर्धा इंची असेल तर मी बिशप आहे."

आधी त्यालाही धड सांगता येत नव्हतं. दोन आंधळे एकमेकांची परीक्षा घेतल्यासारखं चालायचं. पण मे सरत आला तशी त्याची डाव्या हाताची तर्जनी जागी झाली. मग मधलं बोट. एका संध्याकाळी त्यानं शेरिफचं पुस्तक मागितलं आणि अर्धं पान वाचलं, अडखळत. हॅन्क मेलेलाच होता. अर्लिस उठून भांडी घासायला गेली आणि नळ जरा मोठा सोडला.

तिचे हात मात्र मागे होते. जून आला तरी कडा कळायची, माप कळायचं नाही. अर्धा आणि त्याच्या वरचा, दोन्ही सारखेच लागायचे. कर्टिसचा फोन आला, लव्हर्नला न्यायची तयारी आहे म्हणून. भला माणूस होता, टोमणा बायकोचा होता, त्याचा नव्हता. अर्लिसनं फोन लव्हर्नच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसली. रोपं उपटून यावीत इतक्या जोरानं.

परतली तर लव्हर्न गॅरेजमध्ये. जोडसायकल भिंतीवरून उतरवलेली, मागचं चाक सोडलेलं. एका जुन्या जोडसायकलीचा ड्रमचा ब्रेक त्यानं कुठूनसा मिळवला होता आणि त्याची तार तो मागच्या हॅन्डलकडे ओढत होता.

"कर्टिसला काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला माझी बायको आहे."

"आणि हे काय?"

"तिसरा ब्रेक. माझ्या हातात."

"पुढची मी आहे, लव्हर्न."

"पुढची तूच. तुझे दोन ब्रेक तुझ्यापाशीच. पण उतारावर तू सांगायचं आणि हा मी ओढायचा."

"तुला रस्ता दिसत नाही."

"तुला ब्रेक हाताला लागत नाही." तो पाना चाचपत म्हणाला. "दोघांचं मिळून एक माणूस होतं की."

तिला राग आला, खरा. इतकी वर्षं त्याला सांभाळण्याचं काम तिचं होतं. त्यातला तुकडा तो परत मागत होता. ती दारात उभी राहिली, तो तार ताणत राहिला. शेवटी तिनं दिवा लावला, तिला दिसावं म्हणून, आणि चाक धरलं.

डॉक्टरनं अट घातली : अख्खा आठवडा नाही, एक दिवस, सावकाश. त्यांनी शेवटचा दिवस निवडला. अर्लिस गोळी न घेता निघाली. खिशात उकडलेली अंडी, खारवलेले बटाटे, केळी. वाटेत एका चर्चच्या बायकांनी दालचिनीचे रोल मांडले होते. तिनं एक चाखला आणि काही बोलली नाही, म्हणजे वाईट होता.

दुपारी रस्ता कड्यावर आला. खाली नदीकाठचं गाव, आणि त्यात उतरणारा तो कुप्रसिद्ध उतार. माणसं सुसाट जात होती. अर्लिसनं सायकल थांबवली. पाय जमिनीवर टेकून उभी राहिली.

"चालत जाऊ या का?" लव्हर्ननं विचारलं.

"तुला जायचंय?"

"मला तू सांगशील ते."

तिनं बोटं ब्रेकवर ठेवली. काहीतरी होतं तिथे. पुरतं नाही, पण होतं. "बस," ती म्हणाली.

सायकल सुटली. "ओढ," ती म्हणाली, मागचं चाक गुरगुरलं, वेग उतरला. "सोड. डावीकडे वळण. ओढ." वारा तिच्या कानातून जात होता. दुसऱ्या वळणाशी तिनं तोंड उघडायच्या आधीच ब्रेक लागला.

"मी सांगितलं नव्हतं."

"वेग ऐकू आला," मागून आवाज आला. "तू पुढे बघ."

तिनं पुढे पाहिलं.

नदीवर झुंबड होती. सगळे पुढचं चाक पाण्यात बुडवत होते. डोरीन आठवडाभर उन्हात भाजून काठावर उभी होती. ती आधीच म्हणाली, "ज्यानं मिसूरीपासून सायकल आणली त्यानंच चाक बुडवायचं. तुमचं गेल्या वर्षीचं धरायचं का नाही, मला ठाऊक नाही बाई."

"नकोच धरू," अर्लिस म्हणाली. "कोरडं राहू दे. पुढच्या जुलैत मिसूरीपासून आणू."

डोरीननं तिच्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन सायकल धरली. "जा, त्याला पाण्यापाशी ने. मी धरते."

लव्हर्न बूट काढून काठावर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हात मिसिसिपीत घातले. बराच वेळ तो तळ चाचपत होता. अर्लिस त्याच्या शेजारी वाकली.

"काय लागलं?"

"वाळू. बारीक. मध्येच एक जाडा खडा." त्यानं खडा बाहेर काढून तिच्या तळव्यावर ठेवला. "डोळे मीट. सांग, केवढा आहे."

तिनं डोळे मिटले आणि बोटं खड्यावर फिरवली.

"अर्धा इंची," ती म्हणाली.

त्यानं तो परत घेऊन चाचपला. "हं," तो म्हणाला. "जवळपास."